सोयाबीन आपलं, प्रोटीन मात्र कोंबडीच्या खाद्यात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत व्हेगन लोकांनी प्रोटीन कुठून घ्यावं यावर पानभर लेख आला होता. फोटो लय चांगले होते, पण यादी वाचून मी पेपर घडी करून ठेवून दिला. किनोआ, चिया, बदामाचं दूध, टोफू, अन् वरून ॲव्होकाडो! ॲव्होकाडोत प्रोटीन ते किती, शंभर ग्रॅममागं दोन ग्रॅम, तेवढं तर आपल्या साध्या शिजलेल्या भातातही राहते. बदामाच्या पॅकबंद दुधाचं पण तेच, पाणीच जास्त, शंभर मिलीला एक ग्रॅमही प्रोटीन मुश्किलीनं निघते. अन् ह्यातलं एकही सामान दारव्ह्याच्या आठवडी बाजारात भेटत नाही, यवतमाळला एखाद्या मोठ्या दुकानात भेटलंच तर भाव पाहून माणूस पिशवी परत ठेवते. म्हणून म्हटलं लिहावं, कारण हा विषय फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांचा आहे असं लेख लिहिणाऱ्याला वाटलेलं दिसते आणि तसं ते नाहीच आहे.

आता पाहा, व्हेगन म्हणजे मांस-अंडी तर नाहीच पण दूध, दही, तूप, ताक, मधही नाही. माझा भाचा पुण्याला कंपनीत आहे, त्यानं हे स्वतःच्या मनानं धरलं, जनावराला त्रास नको म्हणून, चांगली गोष्ट आहे, त्याचं त्याला. पण आमच्या गावात मजुरी करणारी जी घरं आहेत त्यांच्या ताटाकडे पाहा, चहात पडते तेवढं दूध सोडलं तर तिथं दूध-तूप कुठं आहे? अंडं कधीमधी, मटण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करीला नाहीतर पाहुणा आला तर. बाकी वर्षभर भात, पोळी, भाजी, चटणी. म्हणजे मनानं कोणी व्हेगन नाही पण ताट जवळजवळ तेच. फरक एवढाच की भाचा मोबाइलवर ग्रॅम मोजते अन् इथं कोणी मोजत नाही. रेशनवर जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झालं, माणशी पाच किलो, पण ते तांदूळ अन् गहू. डाळ त्यात नाही. सणावाराला सरकारच्या आनंदाच्या शिध्यात चणाडाळ आली होती तेवढीच. पोट भरते, प्रोटीन राहून जाते.

आणि हे सगळं कुठं होऊन राहिलं, तर ज्या भागात नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन अन् तूर उभी आहे तिथं. सोयाबीनमधे शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम प्रोटीन असते, दुसऱ्या कोणत्याच डाळीत एवढं नाही, आणि शरीराला जी जी अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांचं बनते ते घटक) बाहेरून लागतात ती सगळी त्यात बऱ्यापैकी असतात. म्हणजे एका क्विंटलमधे ३६ ते ४० किलो प्रोटीन. एका माणसाला दोन वर्षांच्या वर पुरेल एवढं! अन् आपण काय करतो, मळणी झाली की ओलं-सुकं पोत्यात भरलं, ट्रॅक्टर लावला, सरळ मार्केट यार्ड. २०२४-२५ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला, पण २०२४ च्या हंगामात व्यापाऱ्यानं त्याच्या कितीतरी खालीच घेतलं हे सगळ्यांनी भोगलं आहे, ते रडगाणं इथं गात नाही. पुढं ते कारखान्यात जाते, क्विंटलमागं १८ किलोच्या आसपास तेल निघते, उरते ती ढेप, व्यापारी तिला डीओसी म्हणतात. तेल आपल्याच दुकानात पाकीट होऊन परत येते. आणि प्रोटीन सगळं त्या ढेपेत राहते, ती जाते कोंबड्यांच्या खाद्याला. थोडा भाग माणसासाठी साफ करून त्याच्या सोयाबीनवड्या होतात, त्याही पाकिटात येतात, त्याच्यावर धावणाऱ्या पोराचा फोटो. शेत आपलं, राबणं आपलं, अन् ताटात आलं काय तर तेल.

कोणी म्हणेल काकू, सोयाबीन का भाजून खायचं? त्याचा वास येते, पोट फुगते. खरं आहे. कच्चं सोयाबीन खायचंच नसते, त्यात असा एक घटक असतो जो प्रोटीन पचूच देत नाही, तो उष्णतेनं मरते, म्हणून उकळणं आलंच. अन् जो कच्चट वास येते ना तो दाणा थंड पाण्यात वाटला की जास्त येते. आमच्या बचत गटात एका शिबिरात ताईंनी करून दाखवलं होतं, तेव्हापासून मी घरी करते. रात्रभर भिजवायचं, सकाळी हातानं चोळून सालं काढायची (हे कंटाळवाणं काम आहे, लेकरांना बसवायचं), मग ते दाणे थंड नाही तर उकळत्या पाण्यात टाकायचे अन् गरमागरमच मिक्सरमधे फिरवायचे. वास निम्म्याच्या वर तिथंच जाते. फडक्यातून गाळलं की दूध. ते पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळायचं, पण पातेल्याजवळून हलायचं नाही, गाईच्या दुधापेक्षा डबल फेस येते अन् क्षणात सगळी शेगडी भरते, पळी फिरवतच राहायची. त्यात लिंबाचा रस पाण्यात कालवून थोडा थोडा टाकला की फाटते, फडक्यात बांधून वर पाट्याचा वरवंटा ठेवायचा. झाला टोफू! तोच टोफू जो तुमच्या लेखात विदेशी असल्यासारखा चकचकीत ताटात होता. एक किलो सोयाबीनमधे दीड किलोच्या आसपास होते, थोडं कमी-जास्त, दाबण्यावर आहे. अन् फडक्यात जो चोथा उरते तो फेकायचा नाही, ज्वारीच्या पिठात कांदा-सांबार (कोथिंबीर) टाकून त्याचं थालीपीठ लागते मस्त, त्यातही प्रोटीन असतेच.

एवढा उटारेटा ज्याला जमत नाही त्यानं सोपं करावं. सोयाबीन वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उन्हात कडक वाळवून, दहा किलो गव्हात एक किलो टाकून दळून आणायचं. पोळीत कळतही नाही. घरचा माणूस पहिल्या दिवशी काहीतरी वेगळं लागते म्हणते, दुसऱ्या दिवशी विसरते.

आता हिशोबाचं बोलते, कारण तुमच्या लेखातल्या तक्त्यात मोठी गडबड होती. तूरडाळ २२ ग्रॅम, मूग २४, शेंगदाणे २५, सोयाबीनवड्या ५२ असं लिहिलं होतं, आकडे बरोबरच आहेत, पण ते कोरड्या शंभर ग्रॅमचे! कोरडी डाळ कोण खाते? शंभर ग्रॅम डाळीचं शिजून पातेलंभर वरण होते. एक घट्ट वाटी वरण घेतलं तर त्यात सहा-सात ग्रॅम प्रोटीन धरा. अन् आपल्याकडं डाळ महाग झाली की काय होते, डाळ तेवढीच ठेवून पाणी वाढते. सहा माणसांच्या घरात शंभर ग्रॅम डाळ शिजली तर एकाच्या वाट्याला चार ग्रॅमही येत नाही, हळद अन् फोडणीमुळे रंग दिसते म्हणून डाळ खाल्ल्याचं समाधान. वड्यांचंही तसंच, ५२ ग्रॅम वाचून माणूस खुश होते पण भिजल्यावर त्या तिप्पट फुगतात, एका माणसाच्या भाजीत पंचवीस ग्रॅमच्या वर कोरड्या वड्या जात नाहीत. त्यातून तेरा ग्रॅम. तेही काही कमी नाही म्हणा, दोन वाट्या वरणाएवढं झालं.

लागते किती? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिच्या हिशोबानं मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४५-४६ ग्रॅम. पोटात लेकरू असलं, अंगावर पाजत असली तर अजून जास्त. ते कसं भरते पाहा, दिवसभरात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी झाल्या तर पंधरा ग्रॅम (हो, धान्यातही प्रोटीन असते, हे कोणी सांगतच नाही), शंभर ग्रॅम तांदळाचा भात सात, पन्नास ग्रॅम तूरडाळ अकरा, मूठभर शेंगदाणे सात. झाले चाळीस. वड्यांची नाहीतर बरबटीची (चवळीची) भाजी एका वेळेला आली की पार. यात ना किनोआ आहे ना पावडरचा डबा. किनोआत तरी काय, शंभर ग्रॅमला चौदा, उपवासाच्या राजगिऱ्यात जवळपास तेवढंच.

डब्यावरून आठवलं. भाचा दिवाळीत आला तेव्हा बॅगेत कपडे कमी अन् डबा मोठा, वाटाण्याच्या प्रोटीनचा, त्याच्या किमतीत आमची महिन्याची डाळ आली असती. मी म्हटलं, "काहून रे बाप्पा, घरी तुरीचं पोतं भरून आहे अन् तू वाटाण्याची भुकटी पिते?" तो म्हणे, "मामी, डाळीतलं प्रोटीन इनकम्प्लीट राहते." हे अर्धं खरं अन् अर्धं ऐकीव आहे. डाळीत मेथिओनिन नावाचं अमिनो ॲसिड कमी पडते, धान्यात लायसिन कमी पडते, पण दोन्ही एका दिवसात पोटात गेले की एकमेकाचं उणं भरून निघते, एकाच घासात पाह्यजे असंही नाही. तीन भाग धान्य अन् एक भाग डाळ असं प्रमाण ठेवलं तर चांगल्या दर्जाचं प्रोटीन होते असं त्याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमधे आहे, अन् त्याच सूचनांमधे प्रोटीन पावडरी टाळा असंही म्हटलं आहे. वरण-भात, झुणका-भाकर, खिचडी, हे आपल्या आजीनं काही अमिनो ॲसिड पाहून जुळवलं नव्हतं पण जुळलं बरोबर. खिचडीत मात्र डाळ दिसली पाह्यजे.

त्यातून विदर्भाचं खाणं तर असं आहे की व्हेगन माणसाला इथं पाहुणा म्हणून बोलवावं. गोळाभात घ्या, चण्याच्या भरड पिठाचे गोळे भातावर वाफवलेले, वरून कढवलेलं तेल, दुधा-तुपाचा थेंब नाही. पातोडीचा रस्सा. मुंगवड्यांची भाजी. लग्नातली डाळभाजी, तूरडाळ-चणाडाळ-शेंगदाणे अन् पालक नाहीतर चुका, एका वाटीत तीन प्रोटीनं, पंगतीत मी तर भाजीसारखी तीच दोनदा घेते. भरड्याचे वडे आहेत, फक्त सोबतची कढी सोडायची. अन् डिसेंबर-जानेवारीत ओल्या तुरीचे सोले, त्याची आमटी, सोलेभात! शेंगा सोलता सोलता अर्धे दाणे तोंडात जातात. पोपटीच्या शेंगा, हरभऱ्याच्या घुगऱ्या. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी तर प्रत्येक घरी डब्यात राहतेच, तीळ अन् जवस दोन्हीत शंभर ग्रॅमला अठरा-वीस ग्रॅम प्रोटीन आहे, आता चटणी चमचाभर खाल्ल्यानं एक-दोन ग्रॅमच होईल, पण तिळात कॅल्शियम पण चांगलं अन् दूध सोडलेल्याला ते पाह्यजेच आहे. जवसाचं तर आमच्या लहानपणी तेलही खाण्यात होतं. आता जवसाचा पेराच राहिला नाही अन् शहरात तेच फ्लॅक्स सीड म्हणून पाव किलोच्या पुडीत विकून राहिले.

पूर्व विदर्भाची लाखोळी डाळ पण इथं सांगायला पाह्यजे. आमच्याकडं नाही ती, भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरकडं धान उभा असतानाच बांधीत तिचं बी फेकतात, उतेरा म्हणतात त्याला, ना नांगरणी ना पाणी. प्रोटीन २८ ग्रॅमच्या आसपास, तुरीपेक्षा जास्त. पण तिच्यात एक विषारी घटक असते, दुष्काळात जिथं लोक महिनोन्महिने फक्त लाखोळीच खाऊन राहिले तिथं पायातलं बळ गेलं, म्हणून १९६१ मधे विक्रीवर बंदी आली होती. पूर्व विदर्भात खाणं काही थांबलं नाही. पुढं रतन, प्रतीक, महातिवडा असे विष कमी असलेले वाण शास्त्रज्ञांनी काढले. जे खातात त्यांनी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकूनच शिजवावं अन् रोजचं मुख्य खाणं करू नये. कधीमधी वडे केले तर घाबरायचं कारण नाही. व्हेगनच्या नावाखाली कोणी ही डाळ स्वस्त प्रोटीन म्हणून रोज खाईल तर ते मात्र चुकीचं होईल.

अन् जी गोष्ट तुमच्या लेखात सगळ्यात आधी पाह्यजे होती ती शेवटीही नव्हती. बी-१२. हे जीवनसत्त्व कोणत्याच डाळीत नाही, भाजीत नाही, सोयाबीनमधे पण नाही. दूध-दही-अंडी-मांस यातूनच येते. दूध पूर्ण सोडलं तर बी-१२ ची गोळी नाहीतर ते वरून टाकलेला पदार्थ घ्यावाच लागते, याला पर्याय नाही, कितीही मोड आणा नाहीतर आंबवा. कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येते, रक्त कमी होते, विसरभोळेपणा येते, अन् शरीरात साठा असल्यामुळे हे लगेच नाही, काही वर्षांनी कळते, तोपर्यंत नसांचं नुकसान झालेलं राहते. भाच्याला मी हेच विचारलं, तो ग्रॅम मोजत होता पण याची तपासणी कधीच केली नव्हती, आता गोळी सुरू आहे. अन् आमच्या गावातल्या ज्या बाया हातपाय बधिर होतात म्हणून बाम चोळत बसतात त्यांचं काय? त्यांना कोणी सांगितलं हे? डॉक्टरला विचारून रक्त तपासून घ्या एवढं तरी छापा.

थायरॉइडची गोळी खाणाऱ्यांनी गोळी अन् सोयाबीन यात काही तासांचं अंतर ठेवावं, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन डॉक्टरच्या सांगण्यावरच वाढवावं. उसळीवर लिंबू पिळायला विसरू नका, लोह त्यानं लागते अंगाला.

साहेब, आता मागणी. तुमच्या पेपरचे वाचक आमच्यासारखे पण आहेत, म्हणून पुढच्या वेळी असा लेख छापाल तर किराणा दुकानात जे भेटते त्याचा तक्ता छापा, अन् शिजलेल्या वाटीचा हिशोब छापा, कोरड्या डाळीचा नाही. दुसरं, रेशनवर माणशी नाही तर कार्डामागं तरी दोन किलो डाळ द्या हे तुम्ही लावून धरा, तूर इथंच पिकते, २०२५-२६ चा तिचा हमीभाव ८,००० आहे, सरकार इथून घेऊन इथंच वाटू शकते. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला १२ ग्रॅम अन् सहावी ते आठवीच्या लेकराला २० ग्रॅम प्रोटीन भेटलं पाह्यजे असा नियम आहे, ते वाटीत खरंच उतरते का हे तुमच्या वार्ताहरानं एखाद्या दिवशी सांगून न जाता पाहावं. अन् तिसरं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा असे सोयाबीनचे चांगले वाण दिले, एकरी उतारा कसा वाढवायचा ते पण सांगतात. पण सोयाबीन खायचं कसं हे बायांना गावोगावी येऊन कोणी सांगत नाही, एका शिबिरात वीस-पंचवीस जणी येतात अन् बाकी गाव तसंच राहते. दूध काढायची लहान मशीन बचत गटाला अनुदानावर भेटली तर ढेपेत जाणारं थोडं तरी प्रोटीन गावात राहील, मी स्वतः चालवायला तयार आहे, लिहून घ्या.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता. क. – हे पत्र छापलं तर एवढं नक्की छापा, की खायला घेतलेलं सोयाबीन पेरणीच्या थैलीतलं उरलेलं नको. त्या बियाण्याला औषध लावलेलं राहते, गुलाबी-लाल रंग दिसते ते तेच, धुऊन जात नाही. खायचं सोयाबीन मळणी झाली की आधीच बाजूला काढून ठेवायचं.